व्हिसा कुणाच्या नावावर?

आखाती देशांतल्या भारतीय शाळांच्या शिक्षकभरतीच्या जाहिराती पाहिल्या, तर त्यांत एक ओळ वारंवार भेटते : 'नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या व्हिसावर असलेल्या उमेदवारांना प्राधान्य.' पदवी, बी.एड., अनुभव, इंग्रजीवर प्रभुत्व असं सगळं मागून झालं की खाली ही अट. 'बायकोच्या व्हिसावर असलेल्या पुरुषाला प्राधान्य' अशी जाहिरात माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

कुणाला यात आपुलकी दिसेल. कुटुंब एकत्र राहील, बाई परक्या देशात एकटी पडणार नाही. पण खरं कारण हिशेबाचं आहे. बाई आधीच कुणाच्या तरी व्हिसावर त्या देशात राहत असेल, तर शाळेला तिच्या राहण्याच्या परवान्याचा खर्च करावा लागत नाही, घर द्यावं लागत नाही, विमानाचं तिकीट द्यावं लागत नाही. कामाचा परवाना काढला की शाळेचं काम झालं. बाकी सगळा भार नवऱ्याच्या मालकावर नाही तर नवऱ्याच्या खिशावर. बाईच्या श्रमावर शाळा चालते आणि तिचं त्या देशातलं अस्तित्व मात्र नवऱ्याच्या नावे लागलेलं असतं.

गेल्या काही महिन्यांत आमच्या सल्ला केंद्राकडे आखातात शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकांचे फोन आणि पत्रं येऊ लागली आहेत. विचारणा साधारण एकच : 'मला ही शाळा सोडून दुसरीकडे जायचं आहे, व्हिसाचं काय करू?' मी हा विषय आमच्या बैठकीत काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "अगं, या बायका शिकलेल्या, दिरहममध्ये पगार घेणाऱ्या. ऊसतोडणीच्या बायकांचं काम अर्धवट पडलंय आणि आपण व्हिसाचा अभ्यास कशाला करायचा?" प्रश्न अगदी रास्त होता आणि त्यावर तासभर वाद झाला. त्या वादातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट, या बायका जातात कुठून? विनाअनुदानित शाळेत तीन-चार हजारांवर वर्षानुवर्षं राबलेल्या, अनुदानाची वाट पाहून थकलेल्या, संस्थाचालकाला 'देणगी' देऊ न शकलेल्या अशा त्यांतल्या बऱ्याच जणी आहेत. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. त्या योजनेत प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३पर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होतं. त्या वर्षी ते १६,००० झालं. बी.एड. झालेल्या, घरात कमावणारी एकटी असलेल्या बाईने शारजा किंवा दोहाची जाहिरात पाहून अर्ज केला, तर तिला सुखवस्तू म्हणून बाजूला काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नोकरी सोडता येणं हा कामगाराचा अगदी मूळचा हक्क. सोडून जाता येत असेल तरच पगार वाढवून मागता येतो, मुख्याध्यापकाच्या अंगचटीला येण्याबद्दल तक्रार करता येते, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर नाही म्हणता येतं. सल्ला केंद्रात आपण रोज हेच दुसऱ्या बाजूने पाहतो. मार खाणाऱ्या बाईला 'सोडून का देत नाहीस?' असं विचारणारे पुष्कळ असतात. सोडून ती जाणार कुठे आणि राहणार कुणाच्या आधारावर, हे विचारणारे थोडे. आखातातल्या शिक्षिकेचं असंच आहे, फक्त तिथे 'राहणं' हा शब्द सरकारी शिक्क्यासह येतो.

या व्यवस्थेला तिथे 'कफाला' म्हणतात आणि जामीन राहणाऱ्या मालकाला 'कफील'. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतून माणसं पिढ्यान् पिढ्या आखातात गेली, त्या घरांना हा शब्द नवा नाही. परदेशी माणूस कुणाच्या तरी जबाबदारीवरच देशात येतो आणि राहतो, हे तिचं सूत्र. म्हणजे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही गेला. दुसरी नोकरी मिळाली तरी पहिल्या मालकाने 'हरकत नाही' असं लिहून दिल्याशिवाय ती धरता येत नसे. संयुक्त अरब अमिरातीत हे पत्र मिळालं नाही, तर सहा महिन्यांची बंदी बसे. ओमानमध्ये तर दोन वर्षं परत येता येत नसे. ज्या मालकाला सोडायचं, त्याचीच लेखी परवानगी आणायची. घटस्फोटासाठी सासूची सही आणायला सांगावं तसं.

गेल्या काही वर्षांत हे कायदे बदलले आहेत आणि ते आपल्याला माहीत असायला हवेत, कारण शाळांच्या कचेऱ्या अजून जुन्याच कायद्याची भीती घालतात. कतारने २०२० साली हरकत नसल्याच्या पत्राची अट काढली. ओमानमध्ये १ जानेवारी २०२१पासून करार संपल्यावर ते पत्र लागत नाही. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१पासून एक वर्ष काम झालेल्या कामगाराला नोटीस देऊन, मालकाच्या संमतीविना, दुसरीकडे जाता येतं. अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२पासून लागू झाला. कुवेतचं मात्र उलटंसुलटं चालू आहे. तिथे तीन वर्षांच्या आत नोकरी बदलायची तर मालकाची संमती लागते आणि १ जुलै २०२५पासून खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर जायलाही मालकाने मान्य केलेला परवाना घ्यावा लागतो. आई आजारी असल्याची तार आली... तार आता येत नाही, फोन येतो... तरी आधी शाळेची मान्यता.

आमच्याकडे आलेली पत्रं बहुतेक अमिरातीतली आहेत, म्हणून तिथली रीत जरा तपशिलात सांगते. नोकरी सोडायची तर लेखी राजीनामा आणि करारात लिहिलेली नोटीस. ही मुदत कायद्याने ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान असते. नोटीस संपली की शाळा कामाचा परवाना रद्द करते, मग राहण्याचा. त्यानंतर देशात राहण्यासाठी थोडी सवलतीची मुदत मिळते. पूर्वी ती ३० दिवसांची होती. २०२२च्या सुधारणांनंतर ती परवान्याच्या प्रकारानुसार वाढली आहे. त्या काळात नवी शाळा नोकरीचा देकार नोंदवते, नवा परवाना काढते, वैद्यकीय तपासणी होते, ओळखपत्र होतं. देश सोडावा लागत नाही. कागदावर इतकं सरळ आहे.

पण यात एक सही आहे आणि तिथेच बायका फसतात. परवाना रद्द करण्याच्या अर्जावर 'माझी सर्व देणी मला मिळाली' या अर्थाचं वाक्य असतं आणि त्याखाली शिक्षिकेची सही लागते. पैसे हातात नसतात. कारकून म्हणतो, "सही करा, पैसे खात्यात येतील, नाहीतर नव्या शाळेचा व्हिसा अडेल." घाई तिला असते, शाळेला नसते. कायदा सांगतो की करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणी द्यायची. त्यात ग्रॅच्युइटीही आली. एक वर्ष पुरं झालेल्या कामगाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. स्वतः राजीनामा दिला म्हणून ती कापून घेण्याची जुन्या कायद्यातली तरतूद नव्या कायद्यात नाही. मात्र ती मूळ पगारावर मोजतात, म्हणून पगारपत्रकात मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे दाखवलेले असतात. करारावर सही करतानाच हा आकडा पाहायला हवा. तिकडे जायच्या आनंदात तो कुणी पाहत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आहे. ती स्वतःच्या व्हिसावर आहे, नवरा गावी शेती पाहतो, मुलगा तिच्याजवळ. मुलगा तिच्याच शाळेत, निम्म्या फीत. दुसऱ्या शहरातल्या शाळेने तिला बऱ्या पगारावर घ्यायचं ठरवलं आहे. तिने नियमाप्रमाणे राजीनामा दिला. शाळेने सांगितलं, खुशाल जा, पण मुलाच्या फीची सवलत रद्द, मागच्या महिन्यांचा फरक भरा. मूळ प्रमाणपत्रं 'मान्यतेच्या फाइलीत' आहेत, ती नंतर मिळतील. आणि तोंडी : सहा महिन्यांचा बॅन बसेल, विचार करा. ती लिहिते की रात्री झोप लागत नाही, कारण तिचा व्हिसा रद्द करायचा तर आधी मुलाचा रद्द करावा लागतो किंवा तो तात्पुरता थांबवून ठेवावा लागतो. म्हणजे आईने नोकरी बदलायची तर लेकराचंही त्या देशातलं राहणं काही दिवस अधांतरी.

या तीनही धमक्यांना उत्तरं आहेत आणि आम्ही ती तिला कळवली आहेत. कामगाराची कागदपत्रं अडवून ठेवायला तिथल्या कायद्याने मालकाला मनाई आहे. प्रोबेशन संपल्यावर, नोटीस पाळून, रीतसर जाणाऱ्या बाईवर बंदी बसत नाही. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. प्रोबेशनमध्येच दुसऱ्या शाळेत जायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि पहिल्या शाळेचा भरतीचा खर्च नव्या शाळेने भरायचा असतो. त्यामुळे नव्या शाळा अशा बाईला घ्यायला कचरतात, हे खरं. फीच्या फरकाबद्दल करारात काय लिहिलं आहे ते पाहून बोलावं लागेल. तक्रार कामगार मंत्रालयाकडे करता येते आणि २०२४पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्याचा निकाल मंत्रालय स्वतःच देऊ शकतं, लगेच कोर्टात जावं लागत नाही.

ही उत्तरं असूनही ती घाबरली आहे आणि तिची भीती चुकीची म्हणता येत नाही. तिथे कामगार संघटना काढायला परवानगी नाही. एका शहरातल्या भारतीय शाळांच्या व्यवस्थापनांची आपसात ओळख असते, जुन्या मुख्याध्यापकाला एक फोन जातो. करारांत आणखी एक कलम हल्ली दिसतं : सोडून गेल्यावर अमुक काळ जवळच्या शाळेत नोकरी धरायची नाही. कायद्याने अशा कलमाला दोन वर्षांची कमाल मर्यादा आहे, जागा आणि कामाचं स्वरूप नेमकं लिहावं लागतं आणि मालकाच्या रास्त हिताला धोका असेल तेवढ्यापुरतंच ते लागू होतं. तिसरीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईकडे शाळेचं कोणतं व्यापारी गुपित असतं, हे एकदा कुणीतरी मला समजावून सांगावं. शिवाय नोटीस न देता निघून गेलेल्या कामगाराविरुद्ध 'बेपत्ता' म्हणून नोंद करता येते, आणि तीच नोंद रीतसर जाऊ पाहणाऱ्या बाईला घाबरवायलाही वापरतात. म्हणून राजीनाम्याची पोच, ई-मेलची छापील प्रत, हजेरीचा पुरावा या गोष्टी जपून ठेवायला आम्ही प्रत्येकीला सांगतो.

आता नवऱ्याच्या व्हिसावरच्या बायकांकडे वळते. वरवर पाहता त्यांचं सोपं आहे. शाळा बदलली तरी राहण्याचा परवाना हलत नाही, फक्त कामाचा परवाना बदलतो. म्हणून स्वतःच्या व्हिसावर येऊन लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्याही पुष्कळ आहेत. शाळाच सुचवते, 'मॅडम, नवऱ्याच्या व्हिसावर घ्या ना, पुढे बदलायला बरं पडेल.' पण इथे मालक बदलणं सोपं झालं ते दुसरी गाठ घट्ट करून. नवऱ्याची नोकरी गेली की बायकोची नोकरी शाबूत असूनही तिचं राहणं संपतं. नवऱ्याने ठरवलं तर तो तिचा व्हिसा रद्द करू शकतो. भांडणात 'उद्या तुझा व्हिसा कॅन्सल करतो' हे वाक्य काय काम करतं, ते आमच्या केंद्रावर बसणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको. अमिरातीत २०१८च्या ऑक्टोबरपासून विधवा आणि घटस्फोटित बायकांना जामीनदाराविना एक वर्ष राहण्याची मुभा मिळाली, ही चांगली गोष्ट. पण ती नातं संपल्यानंतरची. नात्यात राहून मार खाणाऱ्या बाईला शाळेने आपल्या व्हिसावर घेतलं तरच सुटकेची वाट आहे, आणि जाहिरातीची ती ओळ बरोबर हीच वाट बंद करते. आम्हाला विचाराल तर, जिला स्वतःच्या नावावर व्हिसा मिळतो आहे तिने तो सोडू नये. नोकरी बदलताना चार कागद जास्त लागतील, ते लागोत.

कागदांचं आणखी एक दुखणं आहे, ते थेट आपल्या घरातलं. पदवी माहेरच्या नावावर, बी.एड. कधी माहेरच्या तर कधी सासरच्या, पासपोर्ट सासरच्या नावावर, आणि काही ठिकाणी लग्नात पहिलं नावही बदललेलं. अमिरातीत प्रमाणपत्रं चालायची तर आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा वकिलात असा साक्षांकनाचा प्रवास असतो. प्रत्येक खिडकीवर विचारतात, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून? मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र. नवी शाळा नवा परवाना काढते तेव्हा हे प्रश्न पुन्हा उभे राहू शकतात. नावाचा प्रश्न आपण अस्मितेचा म्हणून मांडत आलो. तो किती रोख पैशांचा आणि किती हेलपाट्यांचा आहे, हे या शिक्षिकांकडून शिकावं.

ही अडचण फक्त अरब देशांची आहे असं मानून 'त्यांचं तसंच' म्हणण्याची सोय नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या सरकारी शाळांनी परदेशी शिक्षकांकडून व्हिसाचा खर्च बेकायदा घेतला होता. त्यांत फिलिपिनो शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. २०११ साली झालेल्या तडजोडीत १,०४४ शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत करायचं ठरलं आणि त्या शाळांना दोन वर्षं असे व्हिसा मागायला बंदी झाली. शिक्षा शाळांना झाली खरी. पण नूतनीकरण बंद झाल्याने नोकऱ्या शिक्षकांच्याच गेल्या. लुइझियाना राज्यात सुमारे ३५० फिलिपिनो शिक्षकांना एजंटने अशाच फासात धरलं होतं. ते शिक्षक संघटनेच्या मदतीने कोर्टात गेले आणि २०१२मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलरची भरपाई दिली. तिथे कायदा कडक होता असं नव्हे, त्यांच्या पाठीशी संघटना होती.

आणि एक बोचरी गोष्ट. ज्या इमारतीत आपली शिक्षिका राहते, त्याच इमारतीत घरकाम करणाऱ्या बायका असतात. आंध्रच्या, केरळच्या, श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या. सौदीच्या २०२१च्या सुधारणांतून घरकामगारांना वगळलं आहे. अमिरातीत त्यांच्यासाठी २०२२ साली वेगळा कायदा झाला, शिक्षिकेला लागू असलेला कायदा त्यांना लागू नाही. एका पत्रात एका शिक्षिकेने शाळा पासपोर्ट ठेवून घेते म्हणून संताप व्यक्त केला होता. तिच्याकडे पूर्ण वेळ राहणारी बाई आहे, हेही पत्रात होतं. तिचा पासपोर्ट कुणाकडे असतो, असं मी उलट टपाली विचारलं. उत्तर आलेलं नाही.

आपल्या सरकारचं काय? १९८३च्या परदेशगमन कायद्याखाली दहावी न झालेल्यांना अठरा देशांत कामाला जाण्यासाठी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. शिक्षिका पदवीधर, म्हणून ती या जाळीतून सुटते आणि तिच्या कराराकडे सरकार पाहतही नाही. परिचारिकांचे हाल झाल्यावर २०१५मध्ये त्यांची भरती ठराविक सरकारी संस्थांमार्फतच करायचं ठरलं. शिक्षिकांसाठी तसं काही नाही. मी मंजुरीच्या बाजूची नाही. तीस वर्षांखालच्या कमी शिकलेल्या बायकांना 'संरक्षण' म्हणून कामासाठी जाऊच न देणारा नियम काय करतो, ते आपण पाहिलं आहे : त्या जातातच, फक्त चोरवाटेने. मला हवी आहे ती करार नोंदवण्याची सोय, जाण्याआधीची माहिती आपल्या भाषेत, आणि नोंदणीकृत एजंटने कायद्याने ठरवलेल्या ३०,००० रुपये आणि करापेक्षा जास्त घेतले तर तक्रार घेणारा माणूस. आज बी.एड. कॉलेजांच्या दारात एजंट उभे असतात. तिथे आपल्या गटांनी उभं राहायला काय हरकत आहे?

तेव्हा एक काम. ज्यांच्या ओळखीत आखातात शिकवणाऱ्या बायका आहेत, त्यांनी करारपत्राची प्रत आमच्याकडे पाठवावी. नाव, शाळा, पासपोर्ट क्रमांक काळ्या शाईने खोडून. नोटीस किती, मूळ पगार किती, व्हिसा कुणाच्या नावावर, सोडून जाण्याबद्दल काय कलमं, एवढं वाचता आलं पाहिजे. वीसेक करार जमले की दोन वकील मैत्रिणी ते वाचून मराठीत टिपण करणार आहेत. पुढच्या अंकात ते छापू, आणि सुटे कागद बी.एड. कॉलेजांत वाटायला जिल्ह्याच्या गटांना देऊ. सांगलीच्या मैत्रिणीच्या नोटिशीचे अजून २३ दिवस बाकी आहेत. तिने प्रमाणपत्रांसाठी लेखी मागणी दिली आहे आणि पोच घेतली आहे.